नव्वद हिरवे दिवस

काकांनी वजनकाट्यावर पाय ठेवले. आकडा उमटला, शहात्तर. त्यांनी चष्मा नीट केला, मोबाइल हातात घेतला आणि ॲपमध्ये त्र्याहत्तर लिहिलं. पडद्यावर हिरवा चेहरा हसला.

समोरच्या खुर्चीवर बसलेल्या डिझायनरचं पेन वहीवरच थबकलं. हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठून वजन वाढतं; अशा रुग्णांसाठी हे ॲप तिनेच आखलं होतं. अक्षरं मोठी, बटणं दोनच, डोळे अधू असले तरी अडू नये असं. गेल्या नव्वद दिवसांत एकही खाडा नाही आणि एकदाही लाल नाही, असा रुग्ण यादीत एकच होता. त्याला हे कसं जमतं, तेच बघायला ती आली होती.

"काका, आकडा चुकला का?"

"नाही."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. वजन एकदम दोन किलोंनी वाढलं की चेहरा लाल होतो आणि लगेच लेकीला निरोप जातो. लेक चार तासांवरच्या गावी, कारखान्यात पॅकिंगला. सुरुवातीला दोनदा लाल झालं, दोनदा ती कामाची पाळी अर्धी टाकून धावत आली. दुसऱ्यांदा परत गेली तेव्हा तिच्या जागेवर दुसरीच बाई उभी होती. आता कुठे नवीन ठिकाणी चिकटली आहे.

घरच्यांना निरोप जावा, ही कल्पना डिझायनरचीच. बैठकीत तिला टाळ्या मिळाल्या होत्या.

"सदतीस वर्षं बस चालवली मी," काका म्हणाले. "लाल दिवा लागला की गाडी थांबवायची, एवढं कळतं मला. पण इथे थांबते ती तिची गाडी."

एवढं बोलूनही त्यांना धाप लागली. त्यांनी विजार थोडी वर केली, सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. दोघंही तो भरून यायची वाट बघत बसले.

आजच रुग्णालयात जायला हवं, मी घेऊन जाते, असं ती म्हणाली. दाखल करताना घरचं माणूस लागतं, असं काका म्हणाले. तिने मोबाइलसाठी हात पुढे केला. काकांनी नाही म्हटलं नाही. मोबाइल तिच्या हातावर ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

तिने खरा आकडा लिहिला.

फोन वाजायला अर्धं मिनिटही लागलं नाही. काकांनी तो तिच्याकडून घेतला. आधी श्वास जमवला, घसा खाकरला आणि बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा ठणठणीत आवाजात म्हणाले,

"काही नाही गं, चुकून भलताच आकडा लिहिला गेला. तू कामाला लाग. हे ॲपच जरा अवघड आहे."