शेजारची सीट

धूळ उडवत आलेली गाडी वळणावर आडवी झाली, सावरली आणि टेकडीमागे दिसेनाशी झाली. पुतण्याच्या हट्टापायी पहिल्यांदाच कार रॅली बघायला आलेल्या शालनकाकूंच्या हातातली भडंगाची पुडी तशीच राहिली.

"ड्रायव्हरच्या शेजारचा काय करतो रे?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

"तो नॅव्हिगेटर, काकू. पुढचं वळण कसं आहे, कुठं हळू घ्यायचं, सारखं सांगत असतो."

"आणि ड्रायव्हर ऐकतो?"

"ऐकतो म्हणजे? त्याच्या शब्दावरच गाडी पळते. जिंकले की बक्षीस दोघांना!"

काकूंनी सावकाश मान वळवून शेजारी उभ्या काकांकडे पाहिलं. 'तू गप बस, गाडी मी चालवतोय,' हे वाक्य स्कूटर होती तेव्हापासून त्या ऐकत आल्या होत्या. काका पुडीतले शेंगदाणे वेचण्यात कधी नव्हे इतके गुंतले होते.

परतीच्या घाटात काकू मुद्दाम खिडकीबाहेर बघत गप्प बसल्या. दोन वळणं गेली, तिसरंही गेलं. मग काकांनी घसा खाकरला.

"अगं, पुढचं वळण कसंय?"

काकू पदर खोचून ताठ बसल्या. "डावं आहे. हॉर्न द्या."

काकांनी मुकाट्यानं हॉर्न दिला.