मांडीवरचा थर्मास

"पलटी!" मी ओरडले. जिरं आणि मोहरी, आमच्या दोन छोट्या टेरिअर कुत्र्या, माझ्याकडे बघत ढिम्म बसून राहिल्या.

बारा वर्षं ह्यांनी "पलटी!" म्हटलं की त्या होडीच्या दुसऱ्या कडेला उडी मारायच्या, म्हणजे शीड फिरून होडी कलली तरी घसरायला नको. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ह्यांची वाचा गेली. आज पहिल्यांदाच सुकाणू माझ्या हातात होतं आणि हे समोर बसले होते. कुत्र्यासुद्धा मला जुमानत नसतील, तर होडी विकलेलीच बरी.

"अगं बायांनो, पलटी म्हणतेय ना!"

छे. तेवढ्यात वारा बदलून उजव्या कानाला लागला. चहा सांडेल म्हणून, ह्यांच्यासोबत होडीत बसून इतकी वर्षं करत आले तसा, मी सवयीने थर्मास उचलून मांडीवर घेतला, आणि दोघी टुणकन पलीकडे! मी चक्रावले. थर्मास खाली ठेवून परत उचलला. दोघी परत अलीकडे.

"अहो, ह्या दोघी थर्मास बघून उड्या मारतात?"

ह्यांनी मान डोलावली. मग बोट कुत्र्यांकडे केलं, स्वतःच्या डोळ्यांना लावलं, शेवटी ओठांवर ठेवलं. मला काही कळेना. त्यांनी शांतपणे सगळं पुन्हा करून दाखवलं. कुत्र्या, डोळे, ओठ.

"म्हणजे त्या हललेल्या बघून तुम्ही ओरडायचात? मग इतकी वर्षं होडी कधी वळवायची, ते ठरवत कोण होतं?"

ह्यांनी पुढे वाकून माझ्या मांडीवरच्या थर्मासला टिचकी मारली.