माहेरचं रक्त

चोपन्नाव्या वर्षी सुलक्षणाला शुगर, बीपी आणि संधिवात, तिन्ही चिकटले. घाटकोपरच्या दवाखान्यात तिचा नवरा जयवंतराव पाय पसरून डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "हिच्या माहेरचं रक्तच तसलं. आमच्या घराण्यात सगळे ठणठणीत!"

त्या ठणठणीत सासूसासऱ्यांची दुखणी काढत सुलक्षणानं बावीस वर्षं जागून काढली होती, आणि हे गृहस्थ शेजारच्या खोलीत घोरत होते.

"जनुकं जन्मभर तीच राहतात हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण वय, जागरणं, ताण यांनी त्यातली काही नको तेव्हा जागी होतात, काही गप्प होतात. आजार तिथून सुरू होतात."

"म्हणजे माहेरचीच ना? झालं तर मग!" जयवंतराव खिदळला.

तेवढ्यात पार्ल्याहून सुलक्षणाची बहीण आली. चेहरा तोच, पण पाठ ताठ, आणि तीन जिने चढूनही दम लागलेला नाही.

"धाकटी वाटतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सुलक्षणानं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

 

"जुळी. रक्त एकच आहे, डॉक्टर. फक्त तिनं लग्न केलं नाही."