‘आम्ही’ खोड, ‘मी’ लिही

“‘आम्ही’ खोड. ‘मी’ लिही,” मर्विन हॅलोरन म्हणाले.

लोसाचं पेन थांबलं. “पण काम सगळ्यांनी मिळून केलं होतं. आम्हा सामोआ बेटांवरच्या लोकांच्या घरात असं ‘मी, मी’ केलं तर आई जेवायला वाढणार नाही मला.”

“निवड समितीत तुझी आई नसते. तिथे तीन माणसं जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसलेली असतात. तू काय केलंस, एवढंच त्यांना हवं असतं.”

ती हसली आणि खोडून नवं लिहू लागली.

मर्विनांनी कॅनबेरात सरकारी नोकरीत उभी हयात घालवली होती, आणि त्यातली बरीच वर्षं निवड समित्यांवर. अर्जातल्या प्रत्येक निकषाला वेगळं उत्तर द्यावं लागतं. लोकांशी बोलता येतं का, अवघड माणसं सांभाळता येतात का, कामाची आखणी जमते का. ‘जमतं’ म्हणून भागत नाही. प्रसंग काय होता, आपण काय केलं आणि त्यातून काय निघालं, हे दाखवावं लागतं. चांगली चांगली माणसं त्या कागदावर आपटलेली त्यांनी पाहिली होती.

थंडी सरत आली होती तेव्हा एका बुधवारी लोसा दारात उभी राहिली. समाजसेवा खात्यातल्या एका जागेसाठी अर्ज करायचाय, ग्रंथालयात कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, म्हणाली. एरवी त्यांनी दार लावून घेतलं असतं. बायको नोरीन गेल्यापासून ते कुणालाच आत घेत नव्हते. मुलगी इमोजेन पर्थला असायची. तिने तिकडून खटपट करून न्हाणीघरात धरायचे दांडे बसवायला एकाला पाठवलं होतं, मग जेवणाचे डबे घेऊन दुसऱ्याला. दोघांनाही त्यांनी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं होतं. पण ही काही द्यायला आली नव्हती. हिला निकषांची उत्तरं लिहिता येत नव्हती, आणि हा विषय निघाला की मर्विनांना गप्प बसवत नसे.

मग दर बुधवारी ती येऊ लागली. अंधाऱ्या बैठकीच्या खोलीत मला सुचत नाही म्हणाली, म्हणून स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करावं लागलं. नोरीन गेल्यापासून त्यावर वर्तमानपत्रांचा ढीग साचला होता. येताना ती नारळाच्या दुधातले गोड पाव आणायची. एकटीने खायला संकोच वाटतो म्हणायची, मग मर्विनही खायचे. कधी म्हणायची, चालता चालता बरं सुचतं, चला तळ्यापर्यंत. गुडघा कुरकुरायचा, पण गुरूने मागे राहून कसं चालेल?

अर्ज मात्र पुढे सरकत नव्हता.

ते विचारायचे, अवघड माणूस सांभाळल्याचा तुझा प्रसंग सांग. ती दोन मोघम वाक्यं बोलायची आणि विचारायची, तुमच्या वेळी काय झालं होतं? मर्विन सांगू लागायचे. वणव्याच्या वर्षी उपाशीपोटी चालवलेली कचेरी, मंत्र्याला तोंडावर नाही म्हणणारी नोरीन. ती टंकलेखिका होती तेव्हा, अजून त्यांची झाली नव्हती. दुपार उलटून जायची आणि लोसाचा कागद कोराच राहायचा.

समित्यांवर केस पांढरे केलेल्या माणसाला हे खटकणारच. ही काय लपवतेय? आधी कुठे काम केलं, विचारलं की ती किटली भरायला उठायची. अर्जाची मुदत वाढली म्हणाली. पुन्हा वाढली म्हणाली. मग म्हणाली, जाहिरातच नव्याने निघणार आहे. सरकारी मुदत अशी रबरासारखी ताणत नाही, हे मर्विनांइतकं कुणाला ठाऊक होतं?

कुतूहल त्यांना स्वस्थ बसू देईना. दाढी करताना, कुंड्यांना पाणी घालताना तोच विचार. तुरुंगात काढली असतील का काही वर्षं? नोकरीवरून काढलं असेल? हळूहळू त्यांची खात्री पटली, की काहीतरी मागचं आहे आणि त्या भीतीने ही अर्ज धाडतच नाही.

इमोजेनचा फोन आला तेव्हा त्यांनी तिलाही सांगितलं. ती घाईने म्हणाली, “बाबा, असेल तिचं काही. खोदून विचारू नका.”

“मी कशाला विचारू? पण पोरगी गुणी आहे. तिच्यासमोर कुणालाही बोलावंसं वाटतं. हे कागदावर कसं आणायचं, ते काही मला सुचत नाहीये.”

पुढच्या बुधवारी लोसा गेल्यावर ते बराच वेळ तिथेच टेबलाशी बसून राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणासाठी शब्द टाकला नव्हता, आणि शब्द टाकायला आलेल्यांना दाराबाहेर काढलं होतं. सख्ख्या भाच्यालासुद्धा. बहीण त्यावरून दोन नाताळ बोलली नव्हती.

शेवटी त्यांनी त्या खात्याच्या कार्यालयात फोन लावला.

एका तरुण मुलीने तो उचलला. मर्विनांनी पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. आपलं नाव, पत्ता, सरकारी सेवेत किती काळ होतो ते. आणि लोसा नावाच्या एका बाईंबद्दल बोलायचं आहे. तिच्या मागे काय असेल ते असो, ते ठासून सांगणार होते, अशी माणसं खात्याला शोधून मिळत नाहीत.

“एक मिनिट हं,” मुलगी म्हणाली. पलीकडे टकटक ऐकू आली. “हां, मिस्टर हॅलोरन, सापडलं तुमचं नाव. लोसा सहा वर्षं आहे आमच्याकडे. बुधवारी दुपारी तुमच्याच घरी असते ना ती कामावर? काही तक्रार आहे का तिच्याबद्दल?”