लाजवर्दाची माळ

"निळा रंग हवा, पण भडक नको," चष्मेवाला म्हणाला. "आणि पिवळा मणी चुकूनसुद्धा नको. पिवळं तिला बघवत नाही."

"ती म्हणजे कोण?" मणीकाकूंनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"आहे एक व्यक्ती."

"व्यक्ती म्हणे! अहो, बाईमाणूस आहे ना? की मी एखाद्या मिशाळ बुवासाठी माळ ओवणार आहे?"

चष्मेवाला कानापर्यंत लाल झाला. चाळिशीकडे झुकलेला, अबोल, एकटा माणूस. कोपऱ्यावरच्या दुकानात तो चष्मे बनवायचा. काकूंचा मणी ओवायचा चष्माही त्याच्याच हातचा. पण घरी तो आज पहिल्यांदा आला होता.

"तिला लग्नाचं विचारायचंय," तो शेवटी म्हणाला. "तिचा नवरा वारलाय. मी बोलायला लागलो की ती बट कानामागे सारते, मान कलती करते आणि ऐकत राहते. मग मला काय बोलायचं होतं तेच आठवत नाही."

काकू मनापासून हसल्या. "करते माळ. अशी करते की ती नाही म्हणायला विसरेल."

तो गेला आणि काकूंनी डबे उघडले. अकीकाचे खडे बाजूला सारले, फिरोजा फार उजळ वाटला. मग लाजवर्द घेतला. गडद निळा दगड, आत सोनेरी कण सांडल्यासारखे. दोन-दोन मण्यांमध्ये त्यांनी दुधी चंद्रमणी धरून पाहिला. जमलं. बऱ्याच दिवसांनी त्या काम करताना गुणगुणत होत्या. सून कामावरून आली, टेबलावरच्या मण्यांच्या ताटलीकडे नजर टाकून हातपाय धुवायला गेली.

घरात त्या दोघीच. काकूंचा मुलगा अपघातात गेला, त्यालाही आता काही वर्षं झाली होती.

रात्री जेवताना काकू वरच्या मजल्यावरच्या भांडणाची गंमत सांगत होत्या. सुनेनं बट कानामागे सारली, मान कलती केली आणि ती ऐकत राहिली.

काकूंचा घास हातातच राहिला. पिवळं तर हिलाही बघवत नाही. आणि अलीकडे "आई, तुमच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय, घट्ट करून आणते" असं म्हणत ती दर दोन-चार दिवसांनी दुकानात जायची. स्क्रू एकदाही ढिला नव्हता.

"मग काय झालं, आई?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. मिटलं भांडण," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टेबलाशी बसल्या, पण सुई मण्यात शिरेना. काय बेरकी माणूस! माझ्याच हातून माझं घर उसवायला निघालाय. आणि ही? एका ताटात जेवते आणि तोंडातून चकार शब्द नाही. उद्या ही निघून जाईल. मग संध्याकाळी दार कोणासाठी उघडायचं? भांडणांच्या गमती कोणाला सांगायच्या?

त्यांनी कात्री उचलली आणि अर्धवट माळ कापून टाकली.

मणी टणाटण उडाले. कपाटाखाली, खाटेखाली, थेट मोरीपर्यंत गेले. मग काकू गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसल्या आणि मणी वेचू लागल्या.

खाटेखाली हात घालताना त्यांना ते दिवस आठवले. मुलगा गेल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. जेवण नाही, बोलणं नाही. एक दिवस सून मण्यांचा डबा घेऊन आली. स्वतःचे डोळे रडून सुजलेले, पण म्हणाली, "आई, मला एक माळ करून द्या." काकूंनी तोवर कधी मणी ओवला नव्हता. पहिली माळ वेडीवाकडी झाली. एक बाजू लांब, एक आखूड. सून तीच घालून कामावर गेली. तेव्हापासून त्यांचे हात हलायला लागले, आणि हातांमागून त्याही.

ती माळ तिनं स्वतःसाठी मागितलीच नव्हती, हे काकूंना त्या खाटेखाली कळलं.

त्यांनी मणी पुसले. या वेळी नुसते ओवले नाहीत, प्रत्येक मण्यानंतर गाठ मारली. वेळखाऊ काम. पण अशी माळ तुटली तरी एकच मणी पडतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. पुढचे काही दिवस त्या तेवढंच करत होत्या. सून घरी आली की आधी ताटलीत माळ किती वाढली ते बघायची.

चष्मेवाला आला तेव्हा माळ तयार होती.

"घे," काकू म्हणाल्या. "आणि नीट सांभाळ. माळेचं नाही म्हणत मी."

'अहो'च्या जागी 'घे' ऐकून चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. पण त्यानं हात पुढे केला नाही. "काकू, तुम्हीच द्याल का? ती खाली जिन्यात थांबलीये. वर यायचं धाडस होत नाहीये तिला."

काकू चपला न घालताच जिना उतरल्या. खालच्या वळणावर सून कठडा घट्ट धरून उभी होती. काकूंनी माळ तिच्या गळ्यात घातली आणि मानेमागे हूक लावला. तो पहिल्याच खेपेला लागला.

"वेडे, मला विचारायचं तरी," त्या म्हणाल्या.

"तोंडावर विचारलं असतं तर मनात नसतानाही तुम्ही माझ्यासाठी हो म्हणाला असता," सून म्हणाली. "म्हणून मीच पाठवलं त्याला. तुम्ही ओळखाल अशा खुणाही मीच सांगायला लावल्या. माळ अर्धी राहिली असती ना आई, तर मी हा विषय कधीच काढला नसता."