हाताशी खटका

मिक्सरच्या पात्यांत सुतळी गुंडाळली गेली तेव्हा पशुखाद्याच्या त्या कारखान्यात ट्रक दाराशी लागलेला होता. माणूस मावेल एवढी ती लोखंडी टाकी घरघरली, कण्हली आणि थांबली. विजयमालानं शेजारच्या खांबावरचा लाल खटका फिरवून बंद केला, त्यात आपलं कुलूप अडकवलं आणि किल्ली कनवटीला लावली.

हा खटका नवा होता. आधी मोटार बंद व्हायची ती फक्त शेडच्या दुसऱ्या टोकाला, पॅनेलच्या खोलीतून. कुणी सफाईला टाकीत उतरलं की जोडीला काम करणारी मायाक्का त्या खोलीच्या दारात ठाण मांडून बसायची, चुकून कुणी बटण दाबू नये म्हणून. शेवटी विजयमालानंच काम सोडून खाली बसत सांगितलं होतं, "खटका हाताशी आल्याबिगर मी आत उतरणार न्हाय." बाकीच्या बायाही तिच्या शेजारी येऊन बसल्या. "हाताशी खटका दिला की या येता-जाता मशीन बंद पाडतील," असं सुपरवायझर अण्णाराव मालकाला सांगत राहिले. पण बाया उठल्या नाहीत आणि खटका आला.

आज ती पहिल्यांदाच त्याच्या भरवशावर आत उतरत होती. मायाक्का सवयीनं पॅनेलच्या खोलीकडं निघाली.

"कुटं चाललीस अक्का? आता राखणीला माणूस नको."

"तुजा लईच इस्वास," मायाक्का पुटपुटली, पण थांबली.

विजयमाला पात्यांमध्ये पाय रोवून बसली आणि विळ्यानं सुतळी कापू लागली. ओला भुसा मानेला चिकटत होता. बराचसा गुंता सुटला, आणि भोंगा वाजला.

मशिनी सुरू होण्याआधी वाजायचा तोच भोंगा. लगेच बाहेरचा पोत्यांचा पट्टा खडखडत फिरू लागला. पट्ट्यानंतर पाळी मिक्सरची.

"विजे, भाईर ये! कुणीतरी चालू केलं गं!" मायाक्का किंचाळली.

भाईर यायचं कसं? एक पातं मांडीला टेकलेलं, दुसरं पाठीशी. विजयमालाचा हात कनवटीवर गेला. किल्ली तिथंच होती. तिनं डोळे मिटून घेतले.

दूर पॅनेलमध्ये खट्ट झालं.

पातं हललं नाही.

पुन्हा खट्ट झालं. मांडीला टेकलेलं लोखंड तसंच गार, गप्प. विजयमालानं डोळे उघडले. पण ती वर चढली नाही. तिनं विळा उचलला आणि उरलेली सुतळी कापली. शेवटचा धागा निघाल्यावरच ती टाकीच्या तोंडातून वर आली.

समोरून अण्णाराव तणतणत येत होते. "ट्रक खोळंबलाय अन् मिक्सर का चालंना?" टाकीतून निघालेलं तिचं डोकं दिसलं आणि ते जागीच थबकले. मग त्यांची नजर कुलपावर गेली. ते मटकन पोत्यावर बसले.

"तू आत व्हतीस?"

"व्हय."

"दारात मायाक्का दिसली न्हाय. मला वाटलं, झालं काम." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "दोनदा दाबलं गं मी."

"ऐकलं की."

विजयमाला खाली उतरली. तिनं कुलूप काढलं, लाल खटका पुन्हा फिरवला. "आता दाबा, अण्णाराव."

"तूच दाब. माजा हात उचलंना."

मग विजयमाला निघाली. मागोमाग सगळ्या बाया निघाल्या, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पॅनेलच्या खोलीत तिनं हिरव्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला. तिकडं मिक्सर गरजला.

मायाक्कानं दाराशी पडलेल्या फाटक्या पोत्यातला पिवळाजर्द मका-भरडा ओंजळीनं उचलला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत तिनं तो भंडाऱ्यासारखा विजयमालाच्या डोक्यावर उधळला. पाठोपाठ बाकीच्यांचे हात पोत्यात गेले. अण्णाराव दारात आले, तर पुढची मूठ त्यांच्यावर. ते बाजूला सरले नाहीत. सगळी शेड पिवळी झाली.

ट्रकचा ड्रायव्हर डोकावून म्हणाला, "काय सण हाय का आज?"

"हाय," डोळ्यांतला भरडा पुसत अण्णाराव म्हणाले.