काठावर पास

"अहो, लॅबमधून फोन होता," बायकोने पांढरा कॅन घड्याळजींच्या पुढ्यात ठेवला. "आत्तापासून उद्या सकाळपर्यंतची सगळी लघवी हवीय. थेंबभरही वाया घालवू नका."

"पुन्हा? मागच्या आठवड्यात तर दिली!"

"ती काठावर पास झाली म्हणे."

घड्याळजींना ते झोंबलं. वर्षापूर्वी पहिल्या तपासणीत ते साफ नापास झाले होते. दिवसभराची लघवी जेमतेम पाऊण लिटर, पाकासारखी दाट. कॅल्शियम, ऑक्झलेट ठासून भरलेलं. मुतखड्यांना अडवणारं सायट्रेट नावालाच. "यात खडे धरणारच," डॉक्टर म्हणाले होते. "तीन काढलेत. चौथ्याला मूत्रपिंड कामातून जाईल. पाणी प्या, मीठ तोडा, लिंबू घ्या." पण टेबलावर घड्याळाचे चाळीस सुटे भाग मांडले की माणूस उठणार कसा? उठला की कुठला स्क्रू कुठला ते विसरतो. म्हणून दुकानात घड्याळजी पाण्याला शिवतच नसत.

मग हे फोन सुरू झाले. आधी महिन्यातून एकदा, पुढे कधीही. आगाऊ कळवायचं नाही असा लॅबचा नवा नियम आहे, असं बायको सांगे. घड्याळजी म्हणजे ऐनवेळी घोकंपट्टी करणारा गडी. आता परीक्षाच रोज दारात उभी. झक मारत ते दिवसाला तीन लिटर पाणी रिचवू लागले. भाजी अळणी झाली. कॅन काउंटरखाली आला. एका गिऱ्हाईकाने विचारलंसुद्धा, "गंज काढायचं तेल का?"

"हो, अस्सल घरचं," घड्याळजी म्हणाले.

आताच्या या फोनच्या आठवड्यातच सोनोग्राफी झाली. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ, वाळूचा कणही नाही. आणि तरी काठावर पास? घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोला न सांगता त्यांनी तडक लॅब गाठली.

"पाणी पिऊन पिऊन बेडूक झालो, आणि तुम्ही मार्क कापता? काढा माझे सगळे रिपोर्ट!"

काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये नाव शोधलं. "काका, तुमचा एकच रिपोर्ट आहे. गेल्या वर्षीचा. पाऊण लिटरवाला."

"आणि नंतरचे सतरा कॅन? माझी बायको आणून देते ते?"

"नंतर कुणीच आलं नाही. आणि फोन तर आम्ही कुणालाच करत नाही."

घड्याळजी मटकन बाकावर बसले. कॅन पिशवीत घालून बायको दर वेळी किती गंभीर चेहऱ्याने घराबाहेर पडायची, ते त्यांना आठवलं. आधी संताप आला, मग हसू फुटलं, आणि हसता हसता डोळेच भरून आले.

"काका, आता नमुना देता का? खरा निकाल कळेल."

"नको." घड्याळजींनी डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. "आणि बाई, मी इथे आलो होतो हे कुणाला सांगू नका. तिला कळलं, तर लॅबचे फोन बंद होतील."